सॉल्व्हरने काढलेला ‘इष्टतम’ पोर्टफोलिओ आणि गोव्यातील एका घराचा ताळेबंद

प्रश्नाचा गोषवारा असा. प्रश्नकर्ते ४१ वर्षांचे असून उत्तर गोव्यातील एका हॉटेलच्या लेखा विभागात नोकरी करतात आणि त्यांच्या पत्नी म्हापशातील एका अनुदानित विद्यालयात शिक्षिका आहेत. कळंगुटजवळची एक सदनिका ते पर्यटकांना भाड्याने देतात. तिची आजची किंमत ते ८० लाख रुपये धरतात. वडिलांनी सेसा गोवा या खाणकंपनीचे म्हणून घेतलेले आणि आता वेदांताच्या नावाने असलेले शेअर २४ लाखांचे, एका सहकारी बँकेतील मुदत ठेवी १८ लाखांच्या, दोघांचा भविष्य निर्वाह निधी व पीपीएफ मिळून १६ लाख आणि एसआयपीतून जमलेले पाच इक्विटी फंड २२ लाखांचे, अशी उरलेली मिळकत आहे. त्यांनी बारा पर्यायांचे दहा वर्षांचे मासिक भाव स्प्रेडशीटमध्ये घेतले, सॉल्व्हर या तिच्यातल्या इष्टतम उत्तर शोधणाऱ्या साधनाला शार्प गुणोत्तर (घेतलेल्या जोखमीच्या मानाने सुरक्षित दरापेक्षा मिळणारा जादा परतावा) जास्तीत जास्त करायला सांगितले आणि उत्तर आले सोने ६१ टक्के, स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांचा) फंड ३९ टक्के, बाकी दहांना शून्य. आधुनिक पोर्टफोलिओ सिद्धांताने सांगितलेली हीच इष्टतम वाटणी मानून सारी रक्कम तशी फिरवावी काय, असे ते विचारतात.

तुमच्या गणितात चूक नाही, तरीही पैसे असे फिरवू नका. मी मडगावात अनेक वर्षे गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करतो आणि या सिद्धांतावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच त्याला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे थोडे विस्ताराने लिहितो.

या सिद्धांताचे जनक हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ साली मांडलेला मुद्दा असा की एखादी गुंतवणूक एकटी किती वरखाली होते एवढे पाहून भागत नाही. ती तुमच्याकडच्या इतर गुंतवणुकींच्या सोबतीने कशी हलते, यावर एकूण जोखीम ठरते. याच कामासाठी त्यांना १९९० मध्ये मर्टन मिलर आणि विल्यम शार्प यांच्यासह नोबेल मिळाले. उदाहरणासाठी शेअर निर्देशांकाचे वार्षिक प्रमाण विचलन (परतावा सरासरीभोवती किती वरखाली होतो त्याचे, म्हणजे जोखमीचे माप) २० टक्के आणि सोन्याचे १५ टक्के धरा. दोन्हींत निम्मे निम्मे पैसे घातले, तर जोखीम साडेसतरा टक्के येईल असे मनाला वाटते. दोघांचा सहसंबंध (ते किती एकसाथ हलतात त्याचे माप) पूर्ण, म्हणजे एक असेल तरच ती साडेसतरा येते. सहसंबंध शून्य असेल तर निम्म्या केलेल्या विचलनांच्या (१० आणि साडेसात) वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर ती साडेबारा टक्केच भरते, आणि अपेक्षित परतावा मात्र दोघांच्या सरासरीइतकाच राहतो. निर्देशांकात ३६ आणि सोन्यात ६४ टक्के ठेवले तर जोखीम १२ टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे दोघांपैकी कमी जोखमीच्या वस्तूपेक्षाही खाली. परतावा न गमावता जोखीम घटते, हे या सिद्धांताचे खरे देणे आहे आणि त्याला गेल्या सत्तर वर्षांत कुणी आव्हान देऊ शकलेले नाही.

पुढची पायरी मात्र निसरडी आहे. प्रत्येक जोखीमपातळीला जास्तीत जास्त परतावा देणाऱ्या वाटण्या जोडल्या की कार्यक्षम सीमारेषा मिळते, आणि तिच्यावरचा नेमका बिंदू काढण्यासाठी सॉल्व्हरला आकडे पुरवावे लागतात. तुमच्या बारा पर्यायांसाठी बारा अपेक्षित परतावे, बारा विचलने आणि ६६ सहसंबंध असे ९० आकडे लागले, आणि ते तुम्ही प्रत्येकी १२० महिन्यांच्या नोंदींवरून काढले. या तीन प्रकारच्या आकड्यांची विश्वासार्हता सारखी नाही, ही गोष्ट स्प्रेडशीट सांगत नाही. तिच्या दृष्टीने सगळे रकाने सारखेच पक्के असतात.

अपेक्षित परताव्याचेच पाहा. ज्या मालमत्तेचे वार्षिक विचलन २० टक्के आहे, तिच्या दहा वर्षांच्या सरासरीतील प्रमाण त्रुटी (ती सरासरी साधारण किती चुकू शकते त्याचे माप) २० भागिले दहाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६.३ टक्के असते. म्हणजे दहा वर्षांची सरासरी १३ टक्के आली, तर खरा दीर्घकालीन परतावा ७ टक्केही असू शकतो आणि १९ टक्केही, आणि एवढ्यानेही त्याच्या सगळ्या शक्यता संपत नाहीत. ही त्रुटी एक टक्क्यावर आणायची तर ४०० वर्षांच्या नोंदी हव्यात. मासिकाऐवजी रोजचे भाव घेतले तरी फायदा नाही, कारण सरासरीचा नेमकेपणा एकूण किती वर्षे पाहिली यावर ठरतो, त्या काळाचे किती तुकडे केले यावर नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९८० मध्ये ही गोष्ट स्वच्छ दाखवली. विचलन आणि सहसंबंध यांचे तसे नाही. ते रोजच्या नोंदींनी पुष्कळ नेमके होतात. म्हणजे तुमच्या ९० आकड्यांतले जे बारा आकडे उत्तराला सर्वांत जास्त हलवतात, तेच सर्वांत कच्चे आहेत.

ते किती हलवतात, हे स्वतः करून पाहण्यासारखे आहे. तुमच्या शीटमध्ये फक्त दोन फंड ठेवा. दोघांचे विचलन २० टक्के, दोघांचा अपेक्षित परतावा ११ टक्के, आपसातला सहसंबंध ०.९५ आणि जोखीमरहित दर (सुरक्षित गुंतवणुकीचा व्याजदर) ७ टक्के भरा. सॉल्व्हर ५० आणि ५० असे समंजस उत्तर देईल. आता पहिल्या फंडाचा परतावा ११ ऐवजी साडेअकरा करा आणि पुन्हा चालवा. नवे उत्तर येईल पहिल्यात १६५ टक्के आणि दुसऱ्यात उणे ६५ टक्के, म्हणजे दुसरा फंड उसना घेऊन विकायचा. उसनवारीने विकण्याला मनाई केलीत, तर पहिल्यात १०० आणि दुसऱ्यात शून्य. अर्ध्या टक्क्याचा फरक, जो आपल्या त्रुटीच्या बाराव्या भागाइतकाही नाही, अख्ख्या वाटणीची उलथापालथ करतो. रिचर्ड मिशो यांनी १९८९ साली म्हटले की असे इष्टतमीकरण प्रत्यक्षात अंदाजातल्या चुकाच कमाल करते, कारण ज्या मालमत्तेचा परतावा नशिबाने फुगलेला दिसतो, तिच्यावरच ते तुटून पडते. १९९३ मध्ये चोप्रा आणि झिएम्बा यांनी हिशेब मांडला की मध्यम जोखीम घेणाऱ्याला परताव्याच्या अंदाजातील चूक विचलनातील चुकीच्या दहापटीहून जास्त महाग पडते. २००९ मध्ये डीमिगेल, गार्लापी आणि उप्पल यांनी चौदा पद्धती तपासल्या, तेव्हा सर्वांना सारखे वाटून टाकण्याच्या साध्या पद्धतीवर त्यांतली एकही सातत्याने मात करू शकली नाही. २५ मालमत्तांसाठी गणिती पद्धत सरस ठरायला सुमारे ३००० महिन्यांच्या नोंदी लागतील, असा त्यांचा अंदाज होता. तुमच्याकडे १२० महिने आहेत. स्वतः मार्कोविट्झ यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांची सुरुवातीची वाटणी रोखे आणि शेअर यांत निम्मी निम्मी ठेवली होती, हे त्यांनीच नंतर सांगितले आहे.

आता तुमच्या ६१ टक्के सोन्याचा अर्थ लागेल. गेल्या दहा वर्षांत सोन्याने असाधारण परतावा दिला आणि शेअरबाजाराशी त्याचा सहसंबंध नगण्य राहिला. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट टिकाऊ आहे आणि तिच्यामागे कारण आहे. परदेशी पैसा भारतातून बाहेर पडू लागला की शेअर उतरतात आणि रुपयाही उतरतो, आणि रुपया उतरला की सोन्याचा रुपयांतला भाव चढतो. २००८ या वर्षात निफ्टी सुमारे ५२ टक्के कोसळला, रुपया डॉलरला ३९ च्या आसपासून ४८ च्या पुढे गेला आणि सोने रुपयांत वाढले. पहिल्या गोष्टीचे, म्हणजे मोठ्या परताव्याचे, तसे नाही. २०१२ च्या अखेरीपासून २०१५ च्या अखेरीपर्यंत सोने दहा ग्रॅमला ३० हजारांच्या वरून २५ हजारांच्या आसपास आले होते. तुमच्या खिडकीत ती वर्षे नाहीत. सॉल्व्हरला ती दिसलीच नाहीत, म्हणून त्याने सोन्याला निर्धास्त मानले. सोने तुमच्या घरात हवे, परंतु ते सहसंबंधाच्या कारणासाठी हवे, आणि त्या कामाला १० ते १५ टक्के पुरतात.

यावर उपाय म्हणून निघालेल्या पद्धतींचे थोडक्यात सांगतो. लेडवा आणि वुल्फ यांची आकसन पद्धत सहविचरणाच्या (मालमत्ता एकमेकींसोबत किती हलतात त्याच्या) तक्त्यातील टोकाचे आकडे सरासरीकडे ओढते; ब्लॅक आणि लिटरमन यांची पद्धत बाजारातील प्रत्यक्ष वाटणीपासून सुरुवात करून तुमच्या मतानुसार तीत थोडाच बदल करते. मोठा निधी सांभाळणाऱ्यांना त्या उपयोगी आहेत. घरगुती पातळीवर मी एवढेच करतो की सर्व प्रकारच्या शेअर फंडांना एकच अपेक्षित परतावा देतो, वाटणीला कमाल आणि किमान मर्यादा घालतो, बारा पर्यायांऐवजी शेअर, ठेवी-रोखे आणि सोने असे तीन मोठे गट करतो, आणि मग सहसंबंधांना बोलू देतो.

इथवर गणिताचे झाले. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली जास्त मोठी उणीव वेगळीच आहे: शीटमधल्या बारा ओळींत तुमचा पगार नाही, पत्नीचा पगार नाही, सदनिका नाही आणि बँकेतील ठेवही नाही. मार्कोविट्झ यांची सहसंबंधाची कसोटी लावायची तर ती कुटुंबाच्या सगळ्या मिळकतीला लावली पाहिजे, नाहीतर आपण सर्वांत मोठ्या ओळी वगळून उरलेल्यांचे इष्टतमीकरण करत बसतो.

गोव्यात हे आपण मोठी किंमत मोजून पाहिलेले आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये ती अटींसह उठली, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चच्या मध्यापासून पुन्हा काम बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात त्या काळात अशी घरे होती, जिथे कर्त्या माणसाची नोकरी खाणीवर, दारात हप्त्याने घेतलेले ट्रक खनिज वाहणारे, रस्त्यालगतचे दुकान ट्रकवाल्यांच्या गिऱ्हाइकीवर चालणारे आणि कपाटात शेअर असले तर तेही खाणकंपनीचेच. कागदावर या चार वेगवेगळ्या मालमत्ता दिसत. त्यांच्यातला सहसंबंध जवळजवळ एक आहे, हे एका आदेशाने उघड झाले. ट्रक विकायला काढला तर गिऱ्हाईक नव्हते, कारण अख्ख्या पट्ट्यात प्रत्येकजण ट्रकच विकत होता.

तुमच्या घरात खाणीच्या जागी पर्यटन आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत काय झाले ते आठवून पाहा. हॉटेले बंद, पगारात कपात किंवा बिनपगारी रजा, सदनिकेचे बुकिंग शून्य. आणि त्याच वेळी निफ्टी जानेवारीच्या शिखरावरून २३ मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्के उतरलेला. पगार, भाडे आणि शेअर हे तुमचे तिन्ही आधार एकाच काळात खाली आले. पत्नीचा पगार तेवढा चालू राहिला. हिशेबाच्या भाषेत तिची नोकरी हा सरकारी रोखा आहे आणि तुमची नोकरी हा पर्यटन क्षेत्रातला शेअर आहे, ज्याची किंमत निवृत्तीपर्यंतच्या पगाराइतकी, म्हणजे तुमच्या इतर कोणत्याही मालमत्तेहून मोठी आहे. त्यामुळे तुमच्या वयाला साधारणपणे जितके प्रमाण शेअरमध्ये ठेवायला सांगितले जाते, त्यापेक्षा कमी ठेवणे तुम्हाला योग्य; दोघेही शिक्षक असता तर मी याच रकमेवर जास्त सांगितले असते. हॉटेल, विमानसेवा, प्रवासी कंपन्या यांचे शेअर वेगळे म्हणून घेऊ नका, ते कितीही आकर्षक वाटले तरी. दुसरी सदनिका तर नकोच.

सदनिकेविषयी आणखी एक गोष्ट. तिचा भाव रोज छापून येत नाही, म्हणून तिचे विचलन शून्य वाटते आणि ‘जागा कधी पडत नाही’ असे आपण म्हणतो. खरी किंमत विकायला काढल्यावरच कळते, आणि मंदीत विकायला सहा महिने ते दोन वर्षे लागू शकतात. हा विलंबदेखील जोखीमच आहे. १ कोटी ६० लाखांच्या मिळकतीत ती एकटी निम्मी आहे. ती लगेच विका असे मी म्हणत नाही, कारण कर आणि दलाली यांत बराच पैसा जातो. परंतु तिचे भाडे पगाराच्या खर्चात मिसळू देऊ नका, आणि वर्षभराच्या घरखर्चाइतकी रोकड वेगळी असल्याखेरीज बाकी कोणतीही वाटणी सुरू करू नका.

मुदत ठेवींचेही तसेच. प्रमाण विचलन काढाल तर ते शून्य येईल. मात्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की ठेव काढता येत नाही, आणि असे प्रसंग गोव्यातील ठेवीदारांनी पाहिलेले आहेत. ठेव विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत आहे. एकाच बँकेत एकाच नावावर १८ लाख असतील, तर त्यातले १३ लाख विम्याबाहेर आहेत. या जोखमीसाठी तुम्हाला जो पाव-अर्धा टक्का जास्त व्याज मिळते, ते पुरेसे नाही. हे पैसे तीन-चार बँकांत आणि दोघांच्या वेगवेगळ्या नावांवर विभागणे हे या साऱ्या उत्तरातले सर्वांत सोपे आणि सर्वांत तातडीचे काम आहे. त्यासाठी कोणत्याही सॉल्व्हरची गरज नाही.

आता मुख्य हिशेब. सदनिका बाजूला ठेवल्यावर ८० लाख उरतात: शेअर २४, फंड २२, ठेवी १८ आणि निधी १६. एकाच कंपनीच्या शेअरचे विचलन ४० टक्के, फंडांचे २० टक्के आणि दोघांतला सहसंबंध ०.६ धरू. शेअर आणि फंड मिळून ४६ लाखांच्या भागाची जोखीम मग सुमारे २७.७ टक्के येते. या भागात त्या एका कंपनीचे पैसे ५२ टक्के आहेत, पण जोखमीतला तिचा वाटा ७२ टक्के आहे. ती कंपनी चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. शार्प यांच्या १९६४ च्या मांडणीचा मथितार्थ असा की जी जोखीम विविधतेने फुकट घालवता येते, ती अंगावर बाळगल्याबद्दल बाजार जादा परतावा देत नाही. म्हणून त्या शेअरलाही मी बाजाराइतकाच, ११ टक्के अपेक्षित परतावा धरतो. रोख्यांना आणि ठेवींना ७ टक्के परतावा व ४ टक्के विचलन, सोन्याला ८ आणि १५, आणि तिन्ही गटांत परस्परांशी सहसंबंध शून्य. हे आकडे माझी गृहीतके आहेत. तुम्ही आपली भरून पाहा, निष्कर्षाची दिशा बदलणार नाही.

आजच्या वाटणीत अपेक्षित परतावा ९.३ टक्के आणि जोखीम १६ टक्के पडते. मी सुचवतो ती वाटणी अशी: शेअरगट ३६ लाख, त्यात त्या एका कंपनीचे जास्तीत जास्त ४ लाख, ठेवी, निधी आणि रोखे ३२ लाख, सोने १२ लाख. म्हणजे ४५, ४० आणि १५ टक्के. या वाटणीत अपेक्षित परतावा सुमारे ८.९५ टक्के आणि जोखीम ९.७ टक्के येते. साधारण एक तृतीयांश टक्का परतावा सोडून जोखीम सोळावरून दहाच्या खाली आली. दोन प्रमाण विचलनांइतके वाईट वर्ष गेले, तर आजच्या वाटणीत ८० लाखांतले सुमारे १८ लाख जातात, नव्या वाटणीत साडेआठ लाखांच्या आत. इथे मी कोणतेही भाकीत केलेले नाही, कोणता फंड पुढे जाईल ते सांगितलेले नाही. केवळ फुकट बाळगलेली जोखीम उतरवली. तुमच्या सॉल्व्हरच्या उत्तराशी याची तुलना करा. ते उत्तर गेल्या दहा वर्षांच्या परताव्यावर उभे आहे, हे सहसंबंधावर.

याच आकड्यांत एक इशाराही आहे. नव्या वाटणीत शेअरगट पैशांच्या ४५ टक्के असला, तरी एकूण जोखमीतला त्याचा वाटा ९० टक्क्यांहून जास्त आहे. २००८ सारखे वर्ष पुन्हा आले, तर त्या ३६ लाखांतले १८ लाखांहून अधिक काही काळ दिसेनासे होतील. ठेवी आणि सोने मोठा आधार देतील, पण तोटा शून्यावर राहील असे नाही. प्रमाण विचलनाच्या घंटाकृती आलेखात ५२ टक्क्यांची घसरण फार दुर्मीळ दिसते, प्रत्यक्ष बाजारात ती तितकी दुर्मीळ नाही. शिवाय अशा वेळी निरनिराळ्या शेअरांतले सहसंबंध वाढतात, म्हणजे शेअरांच्या आतली विविधता जेव्हा सर्वांत जास्त हवी असते तेव्हाच ती दुबळी होते. म्हणूनच मालमत्तेच्या प्रकारांतली विविधता मी दहा फंडांच्या विविधतेपेक्षा कितीतरी मोलाची मानतो. स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारा: हॉटेलचा पगार बंद असताना हे १८ लाख गेलेले पाहून तुम्ही एसआयपी चालू ठेवाल का? उत्तर डळमळीत असेल, तर ४५ चे ३५ करा. जेम्स टोबिन यांनी १९५८ मध्ये दाखवले की जोखमीची टोपली सर्वांची सारखी असू शकते आणि भित्र्या वा धीट स्वभावाप्रमाणे तिच्यासोबत सुरक्षित भाग किती ठेवायचा, एवढेच बदलते. स्वभावाप्रमाणे टोपलीच बदलण्याची गरज नसते.

तुमच्या पाच फंडांविषयी थोडेसे. सेबीच्या नियमानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांत ठेवावी लागते, आणि फ्लेक्सी कॅप (कोणत्याही आकाराच्या कंपन्या घेऊ शकणाऱ्या) म्हणवणाऱ्या फंडांचाही बराच पैसा सहसा त्याच मोठ्या बँका आणि त्याच संगणक कंपन्यांत असतो. पाचही फंडांच्या मासिक यादीतले पहिले दहा शेअर शेजारी शेजारी लिहून काढा. किती नावे पुन्हा पुन्हा येतात ते दिसेल. असे पाच फंड बाळगून सहसंबंध उतरत नाही, केवळ खर्च आणि कागद वाढतात. कमी खर्चाचा एक व्यापक निर्देशांक फंड आणि हवा तर एक मिडकॅप निर्देशांक फंड पुरे. नवीन एसआयपी तिकडे वळवा. जुने फंड लगेच विकण्याची घाई नको. सोन्यासाठी ईटीएफ (शेअरप्रमाणे बाजारात घेता-विकता येणारा फंड) किंवा साधा फंड घ्या. अंगावरचे दागिने या १२ लाखांत धरू नका, कारण ते तुम्ही कधी विकणार नाही.

पुनर्संतुलन, म्हणजे वाटणी पुन्हा ठरलेल्या प्रमाणावर आणणे, वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये करावे. एखादा गट ठरलेल्या प्रमाणापासून पाच टक्क्यांहून जास्त सरकला असेल तरच, आणि आधी नव्या एसआयपीची दिशा बदलून. विक्री हा शेवटचा मार्ग, कारण तिच्यावर कर लागतो. महिन्या-महिन्याला सॉल्व्हर चालवून वाटणी बदलणाऱ्याचा फायदा कर आणि दलाली खाऊन टाकतात.

शेवटी शेअर विकण्याची रीत. २० लाखांचे शेअर विकायचे आहेत. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट वजा जाता, साडेबारा टक्के कर आहे. १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीकिंमत म्हणून विचारात घेता येतो, त्यामुळे वडिलांच्या काळातला सगळा नफा करपात्र ठरत नाही. गोव्यात आणखी एक बाब आहे. ज्यांच्या विवाहाला पोर्तुगीज नागरी संहितेतील समाईक मालकीची पद्धत लागू आहे, त्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न पतिपत्नींत निम्मे निम्मे विभागून धरले जाते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ५-अ म्हणून ओळखली जाते. सदनिकेच्या भाड्यालाही हेच लागू आहे. म्हणजे शेअरच्या नफ्यावर दोघांची मिळून वर्षाला अडीच लाखांची सूट मिळू शकते.

या सुटीसाठी विक्री पाच-सहा वर्षे लांबवावी, असा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. मी देणार नाही. अडीच लाखांवर वाचणारा कर, उपकर सोडून, वर्षाला ३१,२५० रुपये होतो. आणि २० लाखांच्या त्या एका शेअरचा एका प्रमाण विचलनाचा हेलकावाच वर्षाला ८ लाखांचा आहे. तीस हजारांसाठी आठ लाखांची जोखीम वर्षानुवर्षे उघडी ठेवणे हे या सिद्धांताच्या नेमके उलटे वागणे होईल. निम्मे शेअर मार्च संपण्यापूर्वी आणि निम्मे एप्रिलमध्ये विका, म्हणजे काही आठवड्यांच्या अंतरात दोन आर्थिक वर्षांच्या सुटी वापरता येतील. वर्षाच्या मध्यावर असाल तर पहिला निम्मा भाग आत्ताच विका आणि एप्रिलपर्यंत उरलेल्याला हात लावू नका. विक्रीपूर्वी तुमच्या सनदी लेखापालांकडून ३१ जानेवारी २०१८ चा भाव धरून नफ्याचा आकडा काढून घ्या, आणि विवाहपूर्व करार केलेला असल्यास तो त्यांना आधी दाखवा, कारण निम्म्या विभागणीचा प्रश्न त्या कागदावर अवलंबून आहे.